पंचेचाळीस मीटर

जहाजाला ब्रेक नसतो. धक्क्यावर उभं राहून हात हलवणाऱ्यांना ही साधी गोष्ट ठाऊक नसते. बारा मजल्यांचं, तीन हजार प्रवाशांचं, डोक्यावर पोहण्याचा तलाव घेऊन हिंडणारं ते पांढरं धूड थांबवायचं म्हणजे खालचे पंखे उलटे फिरवायचे आणि वाट बघायची. बाजूनं वारा आला तर अख्खं जहाज शिडासारखं वारा खातं. आणि कप्तान असतो इतक्या उंचावर, की त्याला स्वतःच्या जहाजाचं नाक दिसत नाही. म्हणून खाली धक्क्यावर एक माणूस लागतो. धक्का संपतो तिथे जहाजासमोर आडवी भिंत असते, तिच्या कोपऱ्यावर उभं राहायचं आणि नाकापुढे किती अंतर उरलं ते वॉकीटॉकीवर सांगत राहायचं.

या धक्क्यावर तो माणूस म्हणजे धाकटा. चाळिशी उलटली, डोक्यावर केस नावाला उरले, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. कारण त्याच्याआधी वीस वर्षं हे काम त्याच्या मोठ्या भावानं केलं होतं.

दादाची पद्धत सोपी होती. धक्क्याच्या काठाला दोर अडकवायचे लोखंडी खुंट असतात. दोन खुंटांमध्ये पंधरा मीटर. नाकापुढे किती खुंट मोकळे ते बघायचं आणि पंधराचा पाढा म्हणायचा. चार खुंट, साठ. तीन खुंट, पंचेचाळीस. टेप लावून बघितलं तरी वीतभर फरक निघायचा नाही.

मग दादाच्या पाठीचं ऑपरेशन झालं. तो अडीच महिने घरी होता, आणि तेवढ्यात मोठ्या जहाजांसाठी खुंट उपटून नव्यानं बसवले. आता दोन खुंटांत दहा मीटर. बैठक झाली, नवं अंतर कळल्याच्या सह्यांसाठी रजिस्टर फिरलं. धाकटा तेव्हा दोर ओढणाऱ्यांत होता. त्यानं स्वतःची सही केली आणि खाली दादाचीही ठोकली; तारखेचा रकाना नव्हताच. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. जन्मभर दोघं भाऊ एकमेकांची हजेरी लावत आले होते. ‘घरी गेल्यावर सांगतो,’ म्हणाला. घरी गेला, जेवला, झोपला. विसरला.

दादा कामावर परतला त्या सकाळचं पहिलंच जहाज. ‘तीन खुंट, पंचेचाळीस,’ दादा म्हणाला. होते तीस. डोळ्यांना कळलं असणार, पण वीस वर्षांची जीभ डोळ्यांच्या आधी बोलते. जहाज भिंतीत घुसलं. भिंतीचा कोपरा दादाला घेऊन खाली गेला.

चौकशी बसली. वारा होता, जहाज धक्क्याला न पेलणारं होतं, कप्तानाला वेळ गाठायची होती, पुढचा पंखा उशिरा चालू झाला. सगळं अहवालात आहे, बारीक अक्षरांत. ठळक अक्षरांत एकच वाक्य: ‘सूचना सहीनिशी मिळूनही धक्क्यावरील कर्मचाऱ्याने चुकीचे अंतर सांगितले.’ मेलेला माणूस उठून भांडत नाही, म्हणून सगळ्यांनी आपापली घाण त्याच्या अंगावर ओतली. आणि ती सही कुणाची, हे ठाऊक असलेला एकमेव माणूस त्या खोलीत मान खाली घालून बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून तो बोलला नाही. भ्याडाला एवढं निमित्त पुरतं.

भिंत नव्यानं बांधली. दादाच्या जागी धाकटा उभा राहू लागला. सहा महिने काही नाही. मग एकदा वरून कप्तानानं वॉकीटॉकीवर हाक दिली, “धक्का, दोघं कशाला बोलताय? एकानंच बोला.”

धाकटा एकटाच होता.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या कप्तानाची तीच तक्रार. वॉकीटॉकी बदलला. मेकॅनिकनं तारा, बॅटऱ्या, सगळं उचकून पाहिलं. दोर ओढणाऱ्यांत सगळ्यात म्हातारा पेंगुळ्या, उभ्या उभ्या झोपतो म्हणून हे नाव, तो म्हणाला, “तुझ्यामागून प्रतिध्वनी येतोय रे. फक्त त्याला पाढे वेगळ्या मास्तरनं शिकवलेत.”

सगळे हसले. धाकटाही हसला.

बंदराच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून रेकॉर्डिंग लावलं. खरखर. धाकट्याचा आवाज, “तीन खुंट, तीस.” लगेच मागून, शांत, खात्रीचा, “तीन खुंट, पंचेचाळीस.”

“तुझाच आवाज आहे,” साहेब म्हणाले. “ही नाटकं बंद कर. माणसं मरतात यात.”

“हो साहेब,” धाकटा म्हणाला. दोघा भावांचे आवाज लहानपणापासून सारखेच. फोनवर आईसुद्धा फसायची. पण रेकॉर्डिंगमधला तो दुसरा माणूस ‘पंचेचाळीस’ म्हणण्याआधी एक बारीक श्वास घेत होता. पाठ दुखणारा माणूस घेतो तसा.

त्या संध्याकाळी तो वहिनीकडे गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. पुतणी टेबलाशी अभ्यास करत होती.

“भाऊजी, एक विचारू? सही करून विसरले असतील का हो ते? गॅस बंद केलाय का, हे तीनदा उठून बघणारा माणूस.”

“आई, बास,” पुतणी वहीतून मान वर न करता म्हणाली. “अहवाल वाचलाय मी. बाबांनी चूक केली. संपलं.”

वहिनीनं एकाच टॉवेलची घडी मोडली, परत घातली. धाकट्यानं चहा संपवला आणि निघाला.

पुढच्या मंगळवारी, सकाळी अकराला, हंगामातलं सगळ्यात मोठं जहाज आलं. आडवा वारा होता. वरच्या मजल्यांवरून प्रवासी फोटो काढत होते.

“चार खुंट, चाळीस,” धाकटा म्हणाला.

“चार खुंट, साठ.”

या वेळी तो आवाज त्यानं स्वतः ऐकला. हातातल्या वॉकीटॉकीतून.

“धक्का, नक्की किती?” कप्तान. “चाळीस की साठ?”

“चाळीस! वेग तोडा!”

“साठ,” दादा म्हणाला. दादाच्या आवाजात घाई नव्हती. धाकट्याच्या आवाजात भीती होती. वर उभ्या माणसानं कुणावर भरवसा ठेवावा?

जहाज येतच होतं.

“तीन, तीस!”

“तीन. पंचेचाळीस.”

धाकट्याच्या लक्षात आलं. दादा खोटं बोलत नव्हता. त्याला अजून कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानं बटण घट्ट दाबलं.

“दादा, खुंट बदललेत. दहावर आणलेत. तुला सांगायचं काम माझं होतं, मी विसरलो. रजिस्टरमधली सही तुझी नाही. मी केली. चौकशीत मी गप्प बसलो. दादा, दहा आहेत रे. दहा.”

खरखर. मग तो बारीक श्वास.

“दोन खुंट,” दादा म्हणाला. “वीस.”

“वीस,” धाकटा म्हणाला.

“वीस,” कप्तान ओरडला. “पूर्ण उलट!”

पाणी चिखलासारखं उसळलं. जहाज थरथरलं आणि भिंतीपासून आठ मीटरवर थांबलं. वर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो खेळ वाटला.

साहेबांचा आवाज आला, “काय बोललास ते रेकॉर्ड झालंय. कळतंय का तुला?”

“हो साहेब. वहिनीला ऐकवा. पोरीलाही.”

पेंगुळ्या दोर खांद्यावर घेऊन जवळून गेला. डोळे टक्क उघडे. “चौदा महिने, लेका?” एवढंच म्हणाला आणि पुढे गेला. धाकट्याला वाटलं होतं, बोलल्यावर छाती हलकी होईल. कुठली हलकी होतेय!

दोरांनी ओढून जहाज मागे त्याच्या जागी बांधलं. नाकापुढे चार खुंट मोकळे राहिले. शिड्या लागल्या, प्रवासी उतरू लागले. धाकटा कोपऱ्यावरच उभा होता.

“चार खुंट. चाळीस.” हातातल्या वॉकीटॉकीतून दादा म्हणाला.

“धक्का,” वरून कप्तान, “जहाज बांधलंय. काय मोजताय?”

“तीन. तीस.”

मधलं पाणी मोकळं होतं. त्यावर एक प्लास्टिकची बाटली तरंगत होती. ती हळूच बाजूला सरकली, वाट दिल्यासारखी.

“दोन. वीस.”

वारा पडला. मोठं जहाज आड आल्यावर पडतो तसा, आणि अंगावर सावली आल्यासारखं गार झालं. ऊन तसंच होतं.

“एक. दहा.”

मग दादा आकड्यांखेरीज पहिल्यांदा काही बोलला.

“धाकट्या, बाजूला हो.”

धाकटा हलला नाही.

त्याच्या पायांखाली, भिंतीला बाहेरून लटकवलेलं जाडजूड रबर कुरकुरलं, आणि समोर काहीही नसताना, हळूहळू अर्ध्यापर्यंत आत दबलं.