रिकाम्या बाहीची पिन

"आजच्या दिवस लाव. उद्यापासून मी लावीन."

सासूबाई हे इतक्या सहज म्हणाल्या, की आबांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांच्या कोटाची रिकामी डावी बाही कोपरापाशी दुमडून त्यांची सून बुरुलचा तिला पिन लावत होती. पिनेचं टोक तिच्या अंगठ्यात शिरलं...

"रक्त आलंय तुझ्या बोटाला," आबा खाली बघून म्हणाले. "कोटाला पुसू नकोस, आज सगळं खोरं यायचंय इथे. आणि सकाळी चहा काय केला होतास! आमच्या पलटणीतले घोडेसुद्धा प्यायले नसते."

"हो, आबा."

"हो आबा, हो आबा! इतकी वर्षं झाली, या पोरीला दुसरं काही बोलता येत नाही!"

पदकं खणखणवत ते बाहेर गेले. बुरुलचा मात्र तिथेच उभी राहिली, कारण सासूबाईंच्या त्या एका वाक्याचा अर्थ या घरात फक्त तिलाच कळला होता.

तिच्या नवऱ्याला, एर्मेकला जाऊन आज वर्ष होत होतं. वर्षाच्या जेवणाच्या दिवशी विधवेचं शेवटचं विलापगीत होतं, मग तिचा काळा पेहराव उतरवतात आणि सासू आपल्या हाताने तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधते. रुमाल बांधला म्हणजे ती या घराचीच राहिली. नाही बांधला, तर ती काळ्या कपड्यांतच माहेरी परतते, आणि मूल राहतं बापाच्या घरी. सासूबाईंनी गेल्या आठवड्यात स्वच्छ सांगितलं होतं, "अयपेरी इथे राहील. ती माझ्या एर्मेकची आहे."

अयपेरी! अजून झोपेत आईचा कान धरून ठेवणारी पोर... तिच्याविना जगायचं कसं, हेच बुरुलचाला कळत नव्हतं.

आणि हे सगळं एका वाक्याने थांबवता आलं असतं! ते वाक्य तिला ठाऊक होतं. पण ते उच्चारायचं नाही, असं तिने वचन दिलं होतं.

त्या काळी माणसं हवापाण्याबद्दलसुद्धा जपून बोलत. सुयुनबाय तेवढे जपत नसत. हे सासऱ्यांचं नाव बुरुलचाने कधी ओठांवर आणलं नव्हतं. सुनेने ते घ्यायचं नसतं. पण खोऱ्यात ते सर्वांच्या तोंडी होतं. मोठ्या युद्धात एका गोठलेल्या नदीवर हात गमावून ते परतले होते, आणि म्हणत, "हात तिथे ठेवून आलो, बदल्यात जीभ सोडवून आणली." भर सभेत त्यांनी सामुदायिक शेतीच्या अध्यक्षाला विचारलं होतं, "तुझ्या आकड्यांतल्या मेंढ्या चरतात कुठे रे? कुरणात तर कधी दिसल्या नाहीत!" दुसरा कुणी असता तर त्याचं घरदार उठलं असतं. सुयुनबायना लोक हसून सोडून देत. त्यांचं काय, ते युद्धातून आलेत...

पण ती मोकळी जीभ घरातही तशीच चाले. आबा बोलत आणि विसरत. ऐकणाऱ्याला विसरता येत नसे.

एर्मेक गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. शांत माणूस. एकदा चुलीवरचं पातेलं दाखवून तो बुरुलचाला म्हणाला होता, "इतक्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण तितकं तापत नाही. म्हणून मांस शिजायला वेळ लागतो. आबा तसेच बघ. उकळतात लगेच, पण चटका देण्याइतके तापत नाहीत." तो हसला होता.

मग ती मोठ्या युद्धाच्या विजयदिनाची संध्याकाळ आली. आबा जुन्या सोबत्यांबरोबर पिऊन आले होते, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. बुरुलचा चहा ओतत होती, आणि आबा अचानक मुलाकडे बघून म्हणाले, "तुझ्या वयात मी नदीवर होतो, पायाखाली बर्फ फुटत होता! दक्षिणेत युद्ध पेटलंय, गावची पोरं जातायत, आणि तू? शिक्षक म्हणून सूट! बघ ते हात. खडूचे हात! या घरात पुरुष एकच झाला, आणि त्याचाही एक हात कमी आहे."

एर्मेकने हात मांडीवर मिटून घेतले. थोड्या वेळाने आबा त्या खाऱ्या चहात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले, आणि झोपले.

सकाळी गोठ्यात एर्मेकने तिला सांगितलं, "मी भरती कार्यालयात नाव देऊन येतोय."

"आबांच्या बोलण्यावरून? अहो, त्यांना आज आठवणारसुद्धा नाही!"

"माहितीय. मला आठवतं ना..." तो गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "आईला सांग, शहरात घर मिळावं म्हणून गेलो. परतलेल्यांना देतात म्हणे."

"मी खोटं बोलू?"

"तिचा मुलगा जातोय, बुरुलचा. नवराही जायला नको तिचा. आबांना तिने कधी क्षमा केली नाही तर दोघं या घरात राहतील कशी? वचन दे मला."

तिने दिलं. आणि एर्मेक परत आला तो जस्ताच्या बंद पेटीत... पेटी उघडायची परवानगी नव्हती. सासूबाई त्या थंड पत्र्यावर डोकं आपटून बुरुलचावर किंचाळल्या होत्या, "शहरात घर हवं होतं ना तुला! मिळालं ग माझ्या लेकराला घर! मिळालं!"

त्या दिवसापासून त्यांनी बुरुलचाच्या हातचा चहाचा प्याला घेतला नव्हता.

दुपारपर्यंत अंगण माणसांनी भरलं. घोडा कापला होता, मोठ्या कढयांत मांस शिजत होतं, बायका कणकेचे बोर्सोक तळून परातीत टाकत होत्या. अंगणाच्या मधोमध लोकरीच्या जाड नमद्यांचा तंबू उभारला होता. आत बायका, बाहेर पुरुष. बुरुलचा तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाहेरचं सगळं तिला नमद्यातून ऐकू येत होतं.

जिल्ह्याहून आलेला एक साहेब आबांना आदराने 'आके' म्हणत हळू आवाजात समजावत होता, "सुयुनबाय-आके, दगडावर फक्त तारखा कोरा. कुठे गेला, कसा गेला, ते नको. तशी सूचना आहे."

"पोरा," आबा त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्याने म्हणाले, "बंद पेटी दिलीत, मुलाचं तोंड पाहू दिलं नाहीत. आता दगडाचं तोंडही बंद करायला आलास? लिहीन! दक्षिणेच्या युद्धात मेला, असं ठळक अक्षरांत लिहीन. काय करशील? हात तोडशील? एक आधीच गेलाय, दुसरा घेऊन जा!"

"रागावू नका, आके. तुमचा मान आम्हाला..."

"मान राहू दे. मांस खा, निवतंय."

लोक दबकं हसले. एका म्हातारीने बुरुलचाच्या खांद्याला हात लावला. विलापगीताची वेळ झाली होती.

विधवा विलाप करते तेव्हा तिला कुणी अडवत नाही. तिने दैवाला शिव्या द्याव्यात, थोरांवर आरोप करावेत, सगळे मान खाली घालून ऐकतात. त्या गावात मनातलं बोलण्याची मुभा दोघांनाच होती, जुन्या सैनिकाला आणि रडणाऱ्या विधवेला. बुरुलचाला हे ठाऊक होतं. समोर बसलेल्या सासूबाईंचे हात रिकामे होते. रुमाल त्यांनी आणलाच नव्हता... आता नाही बोललं तर अयपेरी गेली! पण गोठ्यातला तो चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि तिने ठरवलं, फक्त त्याच्याबद्दल गायचं. दुसऱ्या कुणाबद्दल नाही.

"फळा पुसला गेला, माझ्या सोबत्या,
बाहीवरची पांढरी धूळ मी नाही झटकली...
खडूचे हात म्हटले त्यांना, खडूचे हात!
त्या हातांनी लेकीला पहिल्यांदा उचललं,
त्या हातांनी माझे अश्रू पुसले...
कोणते हात याहून मोठे होते, सांग मला!"

आपण काय गायलो हे तिला कळलंच नाही. पण बाहेर एक प्याला दगडावर पडून फुटला. मग पदकांचा आवाज आला, जवळ, आणखी जवळ. तंबूचा पडदा दूर झाला. विलाप चालू असताना बायकांच्या तंबूत पुरुष येत नाही, पण आबा आत येऊन उभे राहिले. चेहरा राखेसारखा झाला होता.

"ते शब्द पुन्हा म्हण," ते म्हणाले.

बुरुलचा थिजली. "आबा, मी... ते सहज..."

"खोटं बोलू नकोस. तुला येत नाही ते." ते पत्नीकडे वळले. "उमसुनाय, खडूचे हात, हे माझे शब्द. विजयदिनाच्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, या घरात पुरुष एकच झाला. मी विसरून गेलो होतो... आत्ता आठवलं. शहरातलं घर नाही, काही नाही. तुझ्या मुलाला मी पाठवलं!"

पडद्यापाशी साहेबाचा चेहरा दिसत होता. आबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मघाशी मोठ्या तोंडाने सांगितलं, मुलगा कुठे मेला ते लिहीन. मग कुणामुळे गेला तेही ऐका सगळे! आयुष्यभर लोकांना तोंडावर बोललो आणि त्याला धैर्य म्हणत आलो. कसलं धैर्य? मला उलट बोलणारं होतं कोण! या पोरीला सगळं माहीत होतं, आणि ती 'हो आबा' म्हणत माझी बाही दुमडत राहिली..."

ते रडत होते. आबांना रडताना त्या खोऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं.

सासूबाई बुरुलचाकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, "तू का नाही सांगितलंस ग?"

"त्यांनी वचन घेतलं होतं, आई." बुरुलचा म्हणाली. "म्हणाले, तिचा मुलगा जातोय... नवराही जायला नको."

सासूबाई उठल्या, आणि कुणाकडे न पाहता तंबूबाहेर निघून गेल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बुरुलचाने डोळे मिटले. संपलं सगळं! घराच्या दाराचा आवाज आला, कपड्यांच्या पेटीचं झाकण वाजलं... आणि मग काळा कपडा डोक्यावरून उतरवणारे दोन म्हातारे हात तिला जाणवले. त्या हातांनी तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल घट्ट बांधला.

"तुझ्या हातचा प्याला मी वर्षभर परत करत राहिले," सासूबाई तिच्या कपाळाला कपाळ टेकवून हुंदके देत म्हणाल्या, "पोरी... माझ्या पोरी!"

आबांकडे वळून त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "तुम्ही बाहेर जा." आबा गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर निःशब्द होतं. आबा कोट घालून दारापाशी उभे होते, रिकामी बाही सैल लोंबत होती. पिन लावून दे, असं म्हणायचं धाडस त्यांना होत नव्हतं. सासूबाई हातात पिन घेऊन त्या बाहीकडे पाहत होत्या. पुढेही जाववेना आणि पिन खालीही ठेववेना.

बुरुलचा अयपेरीला कडेवरून उतरवून पुढे झाली. तिने बाही दुमडून धरली आणि तशीच धरून ठेवली. बऱ्याच वेळाने सासूबाई आल्या, आणि त्यांनी पिन लावली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पण पिन नीट लावली, टोक आत वळवून, त्यांना टोचणार नाही अशी.

चहा ओतला गेला. आबा मुकाट्याने प्यायले. ती शांतता बुरुलचाला सोसवेना.

"आबा, चहा कसा झालाय?"

त्यांनी मान वर केली. "खरं सांगू?"

असं त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

"सांगा, आबा."

"पलटणीतले घोडेसुद्धा प्यायले नसते," आबा अगदी हळू म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या, आणि बुरुलचाच्या हातातला प्याला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. "मी पिते."