पंक्चरचा दिवस

कोल्हापूरच्या स्मृतिरोपण प्रयोगशाळेत सोळा वर्षांची निहारिका खोत खुर्चीत बसली होती. मनात उद्याचं चित्र उमटतं का ते पडद्यावर दाखवणारा उद्यामापक तिच्या डोक्याला लावून डॉ. यमुना सरनाईकांनी विचारलं, "पुढच्या दिवाळीत काय करशील?" पडदा कोराच राहिला. मग त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "जीव द्यावासा वाटतो?"

"हो," पोरगी म्हणाली आणि रडायला लागली. आजवर कुणी विचारलंच नव्हतं!

औषधं, समुपदेशन सुरू झालं. आई तिला क्षणभर नजरेआड होऊ देईना. तरी महिन्यानंतर पडदा तसाच.

"रोपण करू या," सहायक फिरोज मुजावर म्हणाला. "पुढच्या आयुष्यातला एक दिवस तिला आठवला, की पुढं आयुष्य आहे हे मेंदूला पटतं. पण तो दिवस देणारा दाताही त्या वयात त्याच अंधारातून गेलेला हवा, नाहीतर मेंदू ती आठवण झिडकारतो."

"माझी घे. सोळाव्या वर्षी मीही तिथंच होते."

"मॅडम, ती भाताच्या तरव्यासारखी उपटूनच लावावी लागते. तुमच्याकडे मागमूस राहणार नाही."

"ठाऊक आहे रे! लग्नाचे दिवस लावून बघितले, पुरस्काराचे लावून बघितले, एक तरी रुजला का? पोरांना वाटतं, हे आपल्या नशिबी कुठलं! साधाच दिवस लागतो."

जोतिबाच्या वाटेवर स्कूटर पंक्चर झाली, तो दिवस. यजमान दिनकरराव जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि रोज दुपारी यमुनाबाई तोच दिवस काढून बघत. त्यावरच जगत होत्या म्हणा ना! देताना जीव तुटला त्यांचा. पण दिला.

आठवड्यानं निहारिका आली. उद्यामापक लावता लावताच म्हणाली, "मॅडम, चष्मेवाले ते कोण हो? घामाघूम होऊन स्कूटर ढकलतायत, अन् भडंगातले शेंगदाणे वेचून माझ्या हातावर ठेवतायत. म्हणजे, तुमच्या."

"माझे यजमान," बाई हळूच म्हणाल्या. "असं करायचे ते?"

"अहो, गातही होते. काय बेसूर!"

बाई हसल्या, डोळे पुसले. "मग? पुढं काय झालं? सांग ना गं!"

फिरोज पडद्याकडे बघतच राहिला. रोपलेल्या आठवणीचा ठिपका मिणमिणता होता. लखलखत होता तो शेजारचा, पोरीच्या स्वतःच्या उद्याचा, आणि तो बाईंच्या प्रश्नानंतर पेटला होता.

"आज एवढंच," निहारिका दप्तर उचलत म्हणाली. "सोमवारी क्लास सुटला की येते, घाटापर्यंतचं सांगते. तुम्ही असा मात्र."