पिशवीतला

हे माझ्याच बाबतीत घडलंय. मी शाळेत भूगोल शिकवते. पदरचं एक अक्षर घालत नाही, आणि एक अक्षर गाळतही नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. लाईटही गेले नव्हते.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती. माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या घरात मी एकटीच होते. तिच्या लेकीचं पोट सकाळपासून दुखत होतं, म्हणून ताई तिला घेऊन दवाखान्यात गेली होती.

फोन वाजला. ताईचा आवाज मला आधी ओळखूच आला नाही.

"पिल्लूचं अपेंडिक्स फुटलंय गं. लगेच ऑपरेशन करायचंय. भुलीचे डॉक्टर त्या इंजेक्शनचं नाव विचारतायत. मला आठवत नाहीये... काहीच आठवत नाहीये!"

पिल्लू म्हणजे माझी भाची. वय वर्षं अकरा.

ती चार वर्षांची असताना पडली होती. हाताला टाके घालण्याआधी तिला एक इंजेक्शन दिलं आणि पोर निळी पडली. श्वासच थांबला. कशीबशी वाचली. पुढे तो दवाखाना बंद झाला आणि कागद घर बदलताना गहाळ झाले. इंजेक्शनचं नाव एकाच माणसाने नीट लिहून ठेवलं होतं.

भाऊजींनी.

भाऊजी लिफ्टचे मेकॅनिक. नोंदी ठेवायचा त्यांना भारी नाद. घरातला बल्ब बदलला तरी तारीख लिहायचे. तीन वर्षांपूर्वी कामावर असताना लिफ्टच्या खड्ड्यात पडले आणि जागीच गेले.

"त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असेल," ताई रडत म्हणाली. "वरच्यात. अर्धा तास आहे फक्त. डॉक्टर म्हणाले, त्यापुढे नाही थांबता येणार."

त्यांच्या घरात तीन कॉम्प्युटर होते आणि भाऊजींनी त्यांची बारशी केली होती. वरच्या खोलीतला मोठा, तो 'वरचा'. जेवणाच्या टेबलावरचा लॅपटॉप, तो 'खालचा'. आणि कामावर न्यायचा छोटा लॅपटॉप...

'पिशवीतला'.

तो त्यांच्याबरोबरच पडला होता. त्याचे तुकडे ताईला एका पाकिटात घालून परत मिळाले. ते पाकीट मी स्वतः फोडलंय.

मी धावत वर गेले. वरचा चालू केला. आतला पंखा घरघरला, पण पडदा काळाच राहिला. मॉनिटर जळालेला! वर्षभर त्याला कुणी हात लावला नव्हता.

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांना फोन लावला.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "वरच्याला वायर जोडलेली आहे ना? मग नेटवर्कवरून त्याचं फोल्डर खालच्यात उघडता येईल. खाली जा."

खाली आले. नेटवर्क उघडलं.

यादी रिकामी.

"सेटिंगमध्ये बघा, नेटवर्क पब्लिक असेल. ते प्रायव्हेट करा."

केलं.

रिकामी.

"फाईल शेअरिंग चालू करा. आता बंद करून परत उघडा."

उघडलं... यादीत एक नाव आलं. 'वरचा'. मी अक्षरशः ओरडले. क्लिक केलं.

पासवर्ड.

ताईला घरातल्या दुसऱ्या फोनवरून विचारलं. पिल्लूची जन्मतारीख. चुकीची. लग्नाची तारीख. चुकीची. गाडीचा नंबर. चुकीचा.

तीन वाजून दोन मिनिटं.

समोर दिसेल ते मी दाबत सुटले. 'पासवर्ड नको' वर टिचकी. 'सर्वांना परवानगी' वर टिचकी. वाचायची, लिहायची, सगळी परवानगी, सगळ्यांना.

"काय केलंत?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"अहो, ते तुम्ही खालच्याचं केलंत! त्याने वरचा नाही उघडणार. उलट तुमचंच घर सताड उघडं पडलं की!"

त्याच क्षणी राउटरकडे माझं लक्ष गेलं.

त्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या. मागे दोन, पुढे त्यांचे दोन हिरवे दिवे.

दिवे तीन लुकलुकत होते...

तिसऱ्याची खाच रिकामी होती. मी बोट घालून पाहिलं.

"हॅलो? ऐकताय ना?" बाई विचारत होत्या.

तेवढ्यात ताई दुसऱ्या फोनवर म्हणाली, "अगं, 'मीच' टाकून बघ. कुणी पासवर्ड विचारला की ते 'मीच, मीच' म्हणून हसायचे."

'मीच' टाकलं.

वरचा उघडला.

शेकडो फाईली. भाऊजींचा तो नाद! 'गिझर', 'पाण्याची टाकी', 'खिडकीचे बिजागर'... आणि शेवटी 'पिल्लू दवाखाना'. उघडली. पाचच ओळी. त्यात त्या इंजेक्शनचं लांबलचक नाव. खाली लिहिलेलं, 'हे नको'.

मी ते मनगटावर पेनाने उतरवलं. आता ताईला सांगायचं, एवढंच. मी फाईल बंद केली.

मागे नेटवर्कची यादी तशीच उघडी होती.

वरचा.

खालचा.

पिशवीतला...

मी ते नाव पुन्हा वाचलं.

वाटलं, जुनं नाव कुठेतरी साठून राहिलं असेल. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "असेल तसं. क्लिक करून बघा, उघडणारच नाही."

मी क्लिक केलं.

पासवर्डसुद्धा न विचारता ते उघडलं.

आत एक फोल्डर होतं, पिल्लूच्या नावाचं. त्यात फोटो. गेल्या आठवड्यातला सायकलवरचा. गेल्या महिन्यातला, पुढचे केस स्वतःच कापून घेतलेले तो. भाऊजी गेल्यानंतरचे तिचे सगळे फोटो. हे फोटो फक्त खालच्यात होते, आणि खालचा मी पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांना उघडा करून दिला होता.

मी बघत असताना फोटो वाढत होते. एक... मग एक... मग एक. कुणीतरी प्रत्येक फोटो बघून मगच पुढचा घेत असावं, इतक्या सावकाश.

आणि त्या फोल्डरखाली एक फाईल. 'पिल्लू दवाखाना'.

तीच. पण तारीख आजची. वेळ, तीन वाजून सात मिनिटं.

घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झाली होती.

फाईल उघडली. त्याच पाच ओळी. तेच नाव. 'हे नको'.

खाली सहावी ओळ होती. दुसऱ्याच औषधाचं नाव आणि पुढे...

'हे पण नको.'

"ताई," मी म्हणाले, "फोन डॉक्टरांना दे."

भुलीचे डॉक्टर फोनवर आले. मी दोन्ही नावं स्पेलिंगसकट वाचली.

"दुसरंही? नक्की?"

आता काय सांगू? खोटं ठरलं तर? आधीच वेळ नाही, त्यात मी त्यांच्या हातचं औषध काढून घेत होते. भलतंच काही झालं तर पोरीचा जीव माझ्या माथी.

"नक्की," मी म्हणाले. "तिच्या वडिलांनी लिहिलंय."

"बरं झालं सांगितलंत. पहिल्याचं नाव मिळेना, म्हणून मी हे दुसरंच भरून ठेवलं होतं."

मी खुर्चीत बसले. समोरच्या फोल्डरमध्ये आणखी एक फाईल आली होती.

आत्ताच आलेली.

तिचं नाव होतं 'मास्तरीण'.

मला मास्तरीण म्हणणारा माणूस जगात एकच होता. भाऊजी. चिडवायला म्हणायचे.

मी माऊसकडे हात नेला. बोट ठेवलं... आणि फोन वाजला. मी दचकून मागे वळले.

"आत नेलं गं तिला," ताई हुंदके देत होती.

परत पडद्याकडे पाहिलं, तर यादीत दोनच नावं होती.

राउटरवर दिवेही दोनच.

पिल्लू वाचली. आता खणखणीत आहे, मला उलट उत्तरं देते. दीड महिन्याने डॉक्टरांनी तिच्या तपासण्या केल्या. दोन्ही औषधं तिच्या अंगाला चालत नाहीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"दुसऱ्याचं वडिलांना कसं कळलं? ते औषध तिला आजवर एकदाही दिलेलं नाही."

मी पिल्लूचे रिपोर्ट उचलून निघाले.

बाईंनी रविवारी येऊन दोन्ही कॉम्प्युटर तपासले. वरच्यातल्या फाईलमध्ये पाचच ओळी आहेत. बाकी कुठे काही नाही. ताईला मी यातलं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती रोज त्या पडद्यापुढे बसून राहील.

मला भाऊजींची भीती नाही वाटत. ते वाईट करायला आले नव्हते, एवढं मला कळतं.

पण ती 'मास्तरीण' नावाची फाईल...

औषधाचं नाव होतं त्यात? एखादी तारीख? की नुसतंच, 'पोरीकडे लक्ष ठेव'? सहा महिने झाले, माझ्या डोक्यातून ते जात नाही.

परवा दाढ काढायला गेले होते. खुर्चीत बसले. दातांच्या डॉक्टर हसून म्हणाल्या, "एक छोटंसं इंजेक्शन, कळणारही नाही. तुम्हाला कुठलं औषध चालत नाही, असं काही आहे का?"

रोज शंभर माणसांना विचारतात तो साधा प्रश्न.

मी उठून घरी आले.

दाढ अजून ठणकतेय.