रिकामी झारी

झारी एकच होती आणि ती दोघांनी एकाच वेळी उचलली. ऋतिकाने आधी झारीवरचा तो हात पाहिला, मग वर पाहिलं. धुळ्याच्या कारखान्यातून नुकताच जळगावला आलेला, पाइप तपासणीतला कुंदन.

धरणगावजवळच्या त्या गावात कंपनीचं वृक्षारोपण होतं. सीएसआरचं, म्हणजे अशा समाजकार्याचं, सगळं ऋतिकाकडे होतं. रोपं, टोप्या, फलक आणि फोटोवालाही. पावसाने ओढ दिली होती.

"यात पाणी नाही, मॅडम," कुंदन म्हणाला.

"फोटोत कळत नाही. तुम्ही नुसती तिरकी धरा... आणि असा चेहरा नको, रोपटं घाबरेल."

तो हसला. तिच्याकडे बघतच त्याने झारी तिरकी धरली. फोटो छान आला.

मग शेजारच्या घरातल्या भिकुबाई पाहुण्यांना प्यायला पाण्याचा हंडा भरून घेऊन आल्या. ऋतिकाने तांब्या बुडवला आणि कुंदनच्या मातकट हातांवर धार धरली. बोटांना बोटं लागली... हात जरा जास्तच वेळ धुतले गेले. त्यांचं बघून मागे रांग लागली. हंडा रिकामा झाला तशी भिकुबाईंनी तो मुकाट्याने कडेवर घेतला. कुणीतरी सहज विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की टँकर आता पुढच्या आठवड्यात.

ऋतिकाने ओले हात ओढणीत लपवले. परतीच्या बसमध्ये ती कुंदनपासून लांब, पुढे जाऊन बसली.

त्यानंतर कँटीनमध्ये तो दिसला की ती चहा अर्धा टाकून उठायची. तो फोटो कारखान्याच्या दारात मोठा करून लावला होता. येणारे-जाणारे कौतुक करायचे आणि तिचे कान तापायचे.

शेवटी एका रविवारी स्कूटीवर पाण्याचा जार ठेवून ती गावात गेली. रोपट्यापाशी कुंदन उभा होता. त्याच्याही गाडीला जार बांधलेला.

"तुम्ही दर रविवारी येता?" तिने विचारलं.

"नाही. आज पहिल्यांदाच. लाज वाटत होती."

पण रोपट्याचं आळं ओलं होतं. त्यात भाताची शितं, चहाची पत्ती. भांडी धुतलेलं पाणी कुणीतरी रोज ओतत होतं. ओट्यावरून भिकुबाईंनी अगदी साधेपणाने विचारलं, "पोरी, आज तो फोटोवाला कोठे शे?"

ऋतिकाची मान खाली गेली ती वर येईना.

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर रिकामी झारी धरून मी उभा राहिलो नसतो," कुंदन हळूच म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून राहिलो... तेच जास्त लागलं."

"म्हणजे माझ्यामुळे—"

"तुमच्यासाठी. फरक आहे, ऋतिका."

मॅडम म्हणायचं तो विसरला होता. तिने स्कूटीवरचा जार ओढून काढला आणि भिकुबाईंच्या ओट्याकडे निघाली.

"द्या इकडे, जड असेल."

"भरलेला आहे," ती म्हणाली. "एका बाजूने धरा."

दोघांनी मिळून तो ओट्यावरच्या रांजणावर तिरका धरला. या वेळी आवाज झाला.