टिटवीचे सुजलेले पाय

डोंगरसांगवीच्या प्रशिक्षण तळावर, नियंत्रण मनोऱ्यात, त्या सकाळी सगळे खो-खो हसत होते.

"मॅडम, चाकं आत जाईनात हो," स्क्वाड्रन लीडर अन्वर मुजावर वरून रेडिओवर सांगत होता. "दोनदा ओढून बघितली. निम्मी जातात अन् अडकतात. पाय जाड झाल्यागत वाटतंय."

"बाळंतिणीचे पाय सुजायचेच!" धातुतज्ज्ञ डॉ. त्र्यंबक रिसबूड म्हणाले, आणि मनोऱ्यात पुन्हा हशा उसळला.

वसुधा वायचळ तेवढ्या हसल्या नाहीत. त्या तळाच्या संरचना-सुरक्षा प्रमुख. उभ्या नोकरीत त्यांनी इतक्या विमानांना 'उड्डाणास अयोग्य' ठरवलं होतं, की वैमानिक त्यांना पाठीमागे 'नाही-मॅडम' म्हणत आणि अन्वर तोंडावर म्हणे. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. बाळंतपणाची चेष्टाही त्यांच्यावरूनच निघाली होती. दुरुस्त केलेलं विमान लगेच उडवायचं नाही, आधी शेडमध्ये देखरेखीखाली उभं ठेवायचं, हा नियम त्यांचाच. तंत्रज्ञ त्याला विमानाचं बाळंतपण म्हणत.

आणि 'टिटवी' जातीची ती शिकाऊ विमानं होती तरी केवढी म्हातारी! आजोबा ज्यांच्यावर उडायला शिकले, त्यांच्यावरच आता नातवंडं शिकत होती. एकेकीच्या अंगावर इतकी ठिगळं, की मूळ विमान कुठलं आणि ठिगळ कुठलं हे विमानालाही सांगता आलं नसतं. अखेर पंखांच्या मुळाशी भेगा सापडल्या आणि वायचळ मॅडमनी झाडून सगळ्या टिटव्या जमिनीवर बसवल्या. नवी विमानं यायची होती. ती गेली कित्येक वर्षं यायचीच होती.

तेव्हा रिसबूड आपला 'संचारी लेप' घेऊन आले. पहिल्या टिटवीच्या सांगाड्याला लेप लागला. मॅडमचा त्यावर विश्वास नव्हता, म्हणून तिचं बाळंतपण त्यांनी दुप्पट केलं. अख्खा उन्हाळा ती शेडमध्ये उभी होती. भेग भरून आली. ध्वनितपासणीत पंख स्वच्छ निघाला, वजनातही फरक नव्हता. तीच टिटवी आज अन्वरने हवेत नेली होती.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "लेप भेग कशी भरतो ते पुन्हा सांगा. सोप्या भाषेत."

"सोपंच आहे. लेपातले वाहककण धातूच्या अंगात फिरतात. जिथे ताण, तिथे भरण. जिथे आराम, तिथून उचल. नवा धातू आपण घालतच नाही. आळशी जागेचा काढायचा आणि कष्टाळू जागेला द्यायचा."

"आणि उभ्या विमानात कष्ट कुणाला?"

"पायांना. सगळा भार…" रिसबूड बोलता बोलता थांबले. चेहऱ्यावरचं हसू तिथेच विरलं.

"आणि आळशी कोण? उन्हाळाभर?"

"पंख," रिसबूड पुटपुटले. "बाहेरून तुकतुकीत दिसेल, मॅडम, पण आतून जाळी झाली असेल. तपासणी भेग शोधते. भेग नव्हतीच."

मनोऱ्यातलं हसणं बंद झालं. जे विमान सर्वांत काळजीनं सांभाळलं, तेच आता सर्वांत पोकळ होतं, आणि ती काळजी वायचळ मॅडमची होती.

"खुर्ची उडवून हवाई छत्रीनं बाहेर पडू दे त्याला," मॅडम म्हणाल्या.

"खुर्चीचं वजन रुळावर, म्हणजे सांध्यावर ताण. तो सांधा भरून कधीच एकजीव झाला असेल. खुर्ची उडायची नाही."

"मग चाकांचा नाद सोडू, पोटावर उतरवू."

"पोटाला ना जमिनीवर काम, ना हवेत. तिथला धातू सगळ्यांत आधी गेला असणार. पोट म्हणजे आता पापड."

रेडिओ खरखरला. "काय ओ, गप का झालात सगळे? वळून येऊ का खाली?"

"वळू नकोस!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या, की रिसबूडांच्या हातातला चहा सांडला. मग त्यांनी स्वर उतरवला आणि काहीही न लपवता त्याला सगळं सांगितलं: झटकन वळलास किंवा उतरतानाचा धक्का बसला, तर पोकळ पंख मोडेल.

"म्हणजे मी जाळीवर बसलोय," अन्वर म्हणाला. "आमच्या मिरजेत जाळीवर कबाब भाजतात, मॅडम."

"ऐक. हवेत आता पंखांना कष्ट आहेत आणि पाय लोंबकळतायत. धातू उलटा निघाला असेल. डॉक्टर, किती वेळ लागेल?"

"शेडमध्ये महिने लागले. पण इंजिनाच्या कंपनानं कण वेड्यासारखे पळतात. घटकाभरात होईल. मात्र फार थांबला तर पायच काडीसारखे होतील."

"मग कळणार कसं, पुरे झालं म्हणून?" अन्वरने वरून विचारलं.

मॅडमनी दुर्बिणीतून विमानाच्या अर्धवट लोंबणाऱ्या पायांकडे पाहिलं. आणि मग त्या म्हणाल्या, "चाकं आत गेली की! पाय मूळ जाडीचे झाले, म्हणजे पंखांचं देणं फिटलं. अन्वर, तळाभोवती मोठ्ठा, सावकाश घेर घे. अंग अजिबात कलू देऊ नकोस. चाकं ओढत राहा. आत गेली की त्याच क्षणी बाहेर काढ आणि उतर."

टिटवी तळाभोवती फिरू लागली. वाऱ्याचा एक झोत आला आणि दुर्बिणीतून बघणाऱ्या मॅडमना पंखाचं टोक हललेलं दिसलं. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली, पुन्हा उचलली. अन्वर दर फेरीला सांगे, "नाही." पुन्हा, "नाही." आयुष्यभर तो शब्द त्यांनी दुसऱ्यांना ऐकवला होता.

"गेली!" अन्वर किंचाळला. "आत गेली!"

"उतर, अन्वर. विमान योग्य आहे."

तो उतरला, आणि असा अलगद, की धावपट्टीवरची धूळसुद्धा उठली नाही.

खरी पंचाईत तिथून पुढे झाली. तळप्रमुखांच्या हुकमावरून टिटवीची लगोलग मोजमापं झाली. पाय मूळ मापाचे, पंख भरीव, भेग नाही. चाळीस वर्षांत ती इतकी सुदृढ कधी नव्हती.

"चाकांचा खटका अडला असेल," तळप्रमुख फोनवर म्हणाले. "तरीही, मॅडम, तुमचाच नियम पाळू. टिटवी शेडमध्ये दुप्पट मुदत उभी राहील. मग अन्वर पुन्हा उडवेल."

"उभी ठेवू नका, साहेब! रोज उडवा, नाहीतर मोडीत काढा."

"तुम्ही म्हणताय उडवा?" साहेब हसले. "धसका घेतलाय तुम्ही. घरी जा, विश्रांती घ्या."

मॅडमनी रिसबूडांकडे पाहिलं. रिसबूड मोजमापांकडे बघत होते. "खटकाही असू शकतो, मॅडम," ते हळूच म्हणाले. "मापं तर बोलतायत ना."

दुपारी शेडमध्ये विजेच्या करवतीचा आवाज ऐकून अन्वर धावत आला. वायचळ मॅडम टिटवीच्या पंखाच्या मुळाशी उभ्या होत्या. अंगभर घाम, केसांत धातूचा कीस.

"मॅडम, सरकारी मालमत्ता आहे ती! आणि एवढा चांगला पंख!"

"दुप्पट मुदतीनंतर नसेल. तेव्हा मी इथे नसेन, आणि वर तू असशील. पण हा मेला कापलाच जात नाही. करवत बोटभर आत जाते, तोवर मागची चीर भरून येते."

अन्वर वाकून बघू लागला. खरंच, करवतीच्या मागे चीर पाण्यासारखी मिटत होती. करवतीचा ताण, करवतीचंच कंपन. लेप इमानेइतबारे काम करत होता.

"मग हा धातू येतोय कुठून?" त्याने विचारलं.

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. टिटवीचे पाय बारीक झाले होते. मुठीएवढे होते ते मनगटाएवढे, आणि बघता बघता त्याहूनही बारीक. करवतीच्या ताणापुढे नुसतं उभं राहणं म्हणजे आरामच ठरला होता.

अन्वरने मॅडमचा दंड धरून त्यांना पंखाखालून बाजूला ओढलं. मग त्यांच्या दुखऱ्या हातातली करवत घेतली, हात लांब करून ती पुन्हा त्याच चिरेत घातली आणि बटण दाबलं.

थोड्या वेळाने टिटवीने गुडघे टेकले.