व्हायोलिनच्या वाट्याचे सूर

शनिवार, ८ ऑगस्ट १९५३. दुपारचे सव्वाचार. जालन्यातल्या मुलींच्या शाळेत विमल पियानो वाजवत होती आणि खिडकीबाहेरून एका अनोळखी पुरुषाने सूर मागितला.

"बाई, जरा सा देता का? व्हायोलिन लावायचंय."

त्याच्या केसांवरून पाणी निथळत होतं, व्हायोलिन मात्र छत्रीखाली कोरडं.

"कुठला सा? इथं तर पट्टीपट्टीला सा आहे."

"मंग तुम्हाला आवडतो तो द्या."

तो गिरिधर. कचेरीत नक्कलनवीस, राहायला गावातल्याच मस्तगड भागात. विमल या शाळेत संगीत शिकवायची आणि डिसेंबरच्या संमेलनासाठी बाख या जर्मन संगीतकाराची एक प्रसिद्ध संथ धून बसवत होती. मूळ धून मोठ्या वाद्यवृंदाची. इथे एक पियानो आणि त्या दिवसापासून एक व्हायोलिन.

दर शनिवारी तो येऊ लागला. ती त्याला सरगम लिहून द्यायची. तो सतरंजीवर मांडी घालून वाजवायचा आणि वरचा सूर घसरत घ्यायचा.

"घसरू नका. करंगळीनं सरळ घ्या."

"आमच्यात करंगळी न्हाई वापरत, बाई."

"आणि 'बाई' म्हणणं कधी सोडतात तुमच्यात?"

"तालीम करून राह्यलो ना... विमल."

त्याच्या उस्तादांचं वळण असेल, असं तिने धरलं. करंगळीचे सूर तिने पियानोकडे घेतले. पुढे अनामिकेचेही निसटू लागले, तेही घेतले. दोन महिने ती याला लाड समजत होती.

१७ ऑक्टोबरला चहा आला. बोलता बोलता गिरिधरने डाव्या हाताने किटली धरून ठेवली. करंगळी तापल्या पितळेला टेकली — आणि टेकलेलीच राहिली. कातडी भाजल्याचा वास आधी विमलला आला. तिने हात ओढून घेतला.

"कधीपासून?"

"आषाढापासून. मागच्या महिन्यात डॉक्टरला दाखवलं. महारोगाची सुरुवात हाये म्हणाले. अमरावतीकडं महारोग्यांचा दवाखाना हाये तिथं जा, गोळ्यांनी आटोक्यात येईल."

"मग गेला का नाहीत?"

"शनिवार चुकले असते."

तिला रडू आलं, त्याहून जास्त संताप.

"संमेलन गेलं खड्ड्यात. उद्याच्या उद्या जा!"

"आन् तुम्ही?"

"तुमच्या हाताला जमेल तेवढं व्हायोलिनला ठेवीन. उरलेलं मी वाजवीन... जन्मभर."

"सगळंच उरलं तर?"

विमलने त्याची करंगळी मुठीत धरली. त्याला ते फक्त दिसलं.

मंगळवारी तो मनमाडच्या गाडीने, तिथून पुढे अमरावतीला गेला. गावात त्याच्या रोगाचा बोभाटा झाला. संमेलनातून धून वगळली गेली. दोन पालकांनी मुलींना विमलच्या वर्गातून काढलं. मार्चपर्यंत गिरिधरची चार पत्रं आली, नंतर एकही नाही. एप्रिलमध्ये तिने धून पुन्हा मांडली — व्हायोलिनला दोनच बोटांचं काम — आणि रजिस्टर्ड टपालाने पाठवली.

१२ जून १९५४ रोजी ते कागद परत आले. सोबत चिठ्ठी नाही. पेन्सिलीने एकच बदल: सर्वांत वरचा सूर पियानोच्या ओळीतून उचलून व्हायोलिनच्या ओळीत नेलेला, खाली लिहिलेलं — 'करंगळी'.

बोटात जीव परतला आहे, की नुसती इच्छा आहे, हे कागदावरून कळत नाही. विमलने आपल्या ओळीतला तो सूर खोडला आहे.