विंगेतला आवाज

पटो न पटो, मी थापा मारणारी बाई नाही. मी स्वतः तिथे होते.

गेल्या दिवाळीआधीचा रविवार. भर दुपार. चामराजपेटातला आमच्या समाजाचा हॉल.

नाटकाची तालीम चालली होती. राजा राणीवर हेर ठेवतो, हेर खोटं सांगतो, राजा तिला मारून टाकतो... असली रडकी गोष्ट. राजा माझा धाकटा भाऊ श्रीवत्स. राणी त्याची बायको आश्लेषा. मी दासी.

विंगेत पडद्याआड प्रॉम्प्टर हयवदन. वाक्य विसरलं की तो हळूच पुरवतो. आम्हा नाटकवाल्यांना सवयच असते, विंगेतून आवाज आला की मान वळवायची नाही. ऐकायचं आणि बोलून टाकायचं.

त्या दिवशीही आवाज येत होता. मीच दोनदा त्याच्यावर वाक्य उचललं.

चहाला थांबलो. श्रीवत्स विंगेकडे पाठ करून उभा होता...

एकदम त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"वेदांतबरोबर पळून जायचं ठरवलंयस ना?" तो आश्लेषावर ओरडला. वेदांत म्हणजे आमचा सेनापती.

"अय्यो, काय बोलताय हे?" ती रडायलाच लागली.

"हयवदननं सगळं ऐकलंय, आत्ताच विंगेतून सांगितलं मला! मीच त्याला तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

मेल्यानं नाटकातलं खूळ घरात आणलं! माझं डोकंच फिरलं. मी बोलणार, तेवढ्यात...

दार वाजलं.

हेल्मेट हातात घेऊन हयवदन आत आला.

"सॉरी अण्णा, पीण्या एरियातून येताना गाडी पंक्चर. स्वल्प उशीर झाला. सुरू केलंत का?"



मी विंगेत डोकावले. खुर्ची रिकामी. संहिता तर अजून हयवदनच्या बॅगेतच होती...

मग दुपारभर आम्हाला वाक्यं कोण देत होतं?



आश्लेषा त्याच संध्याकाळी जयनगरला माहेरी गेली. मी श्रीवत्सला परोपरीनं सांगितलं, अरे, तो हयवदन नव्हताच. घेऊन ये तिला.

"नसेल," तो म्हणाला. "पण सांगितलं ते खोटं कशावरून, अक्का?"



परवा मी आश्लेषाला फोन केला. घरात एकटीच होते, दार लावलेलं. "थोडं थांब, मी त्याला समजावते," इतकंच म्हणाले.

लगेच श्रीवत्सचा फोन.

"थोडं थांब म्हणालीस ना तिला?"

"तुला कुणी सांगितलं रे?"

मग त्याच्या मागून कुजबुज आली, अगदी स्पष्ट... "आजपासून माझ्या घरी पाऊल टाकू नकोस."

आणि तेच वाक्य, जसंच्या तसं, श्रीवत्स मोठ्यानं बोलला.

माझा सख्खा भाऊ तिथे एकटा आहे. जीव तुटतो. पण जायला पाय उचलत नाही.